घरचं विज्ञान : ऑर्बिट, ऑर्बिटल आणि नातीचा प्रश्न



दिवाळीच्या सुट्टीत माझी नात इंदूरहून बडोद्याला आली होती. अकरावीत आहे, सायन्स घेतलंय, माध्यम हिंदी. एक दिवस दुपारची भांडी आवरून मी जरा आडवी होत होते, तेवढ्यात ती रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू मला खोटं शिकवलंस."

तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला असं कुणी म्हटलं की झोप उडतेच. मी उठून बसले.

ती आठवीत असताना मी तिला अंगणात रांगोळीने अणू काढून दाखवला होता. मधोमध झेंडूचं फूल, ते अणुकेंद्रक. त्याभोवती तीन गोल. पहिल्या गोलावर मुगाचे दोन दाणे, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर एक. झाला सोडियमचा अणू! "सूर्याभोवती ग्रह फिरतात ना, तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरतात," असं मी तेव्हा म्हटलं होतं. तिला ते इतकं आवडलं की तिने आईला रांगोळी दोन दिवस पुसू दिली नव्हती.

आता अकरावीचं पुस्तक म्हणतं की इलेक्ट्रॉन असा गोल गोल फिरतच नाही. आधी ऑर्बिट शिकवलं, आता ऑर्बिटल. तिच्या हिंदी पुस्तकात पहिल्याला 'कक्षा' आणि दुसऱ्याला 'कक्षक' म्हटलंय. शब्द इतके जवळचे की एखादं अक्षर घसरलं तर मार्क गेलेच. व्याख्या तिने दोन्ही पाठ केल्या होत्या. अडलं होतं ते एका चित्रावर.

चित्र पी ऑर्बिटलचं होतं. दोन फुगे तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखा आकार. दोन्ही फुग्यांत इलेक्ट्रॉन सापडू शकतो, पण जिथे ते जुळतात तिथे सापडण्याची शक्यता शून्य. तिने वर्गात विचारलं होतं, "मधे तो कधीच नसतो, तर या फुग्यातून त्या फुग्यात जातो कसा?" वर्ग हसला. उत्तर मिळालं, "हे परीक्षेत येत नाही, पाठ करून टाक."

"आजी, मला सायन्स समजतच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं, मलाच नाही. मी कॉमर्सला बदलून घेते."

खरं सांगते, मला 'खोटं शिकवलंस'पेक्षा हे वाक्य जास्त लागलं. कारण तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. तो विचारल्याशिवाय ऑर्बिटल कळतच नाही! मग आम्ही दोघी चहा घेऊन बसलो. त्या दुपारी जे बोलणं झालं, तेच आज तुमच्यासमोर मांडते.

ऑर्बिट म्हणजे आखलेली वाट

१९११ मध्ये रदरफर्डने दाखवून दिलं की अणूचं जवळपास सगळं वजन मधल्या एका अगदी छोट्या केंद्रकात असतं. इलेक्ट्रॉन बाहेर असतात. मग ते केंद्रकावर जाऊन आदळत का नाहीत? सोपं उत्तर असं की ग्रहांसारखे फिरत असतील.

पण यात मोठी अडचण होती. विद्युतभार असलेली वस्तू गोल फिरली की ती ऊर्जा बाहेर टाकते, हे तेव्हा माहीत होतं. म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी कमी होत जाणार आणि तो घिरट्या घालत केंद्रकात पडणार. हिशोब केला तर याला सेकंदाचा अब्जावा भागसुद्धा लागत नाही. म्हणजे जगातला प्रत्येक अणू केव्हाच मिटून जायला हवा होता. पण तुम्ही आहात, मी आहे, हा चहाचा कपही आहे.

१९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर या २७ वर्षांच्या तरुणाने धाडस केलं. तो म्हणाला, इलेक्ट्रॉनला वाटेल तिथे फिरता येत नाही. ठरावीक वाटाच मोकळ्या आहेत आणि त्या वाटांवर असताना तो ऊर्जा टाकत नाही. एका वाटेवरून दुसरीवर उडी मारली, तरच प्रकाश देतो किंवा घेतो. या ठरलेल्या वाटांना ऑर्बिट, म्हणजे कक्षा, म्हणायचं.

यातून हायड्रोजनचं एक जुनं कोडं सुटलं. हायड्रोजन वायू नळीत भरून वीज सोडली की त्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात: एक लाल, एक निळसर हिरवी, मग जांभळ्या. त्या रेषांचं गणिती सूत्र स्वित्झर्लंडमधल्या बामर नावाच्या शिक्षकाने १८८५ मध्येच शोधलं होतं. तो बासल शहरात मुलींच्या शाळेत शिकवायचा. सूत्र बरोबर होतं, पण ते बरोबर का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोरच्या वाटांमधून ते सूत्र आपोआप निघालं. सर्वांत आतल्या वाटेची त्रिज्याही मिळाली: एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर त्यातला साधारण अर्धा भाग.

"म्हणजे बोर बरोबर होता?" नातीने विचारलं.

हायड्रोजनच्या ऊर्जेपुरता, हो. पण हेलियममध्ये दोनच इलेक्ट्रॉन, तरी तिथे त्याचं गणित जमेना. काही रेषा ठळक आणि काही फिक्या का, हे सांगता येईना. दोन अणू एकमेकांना धरून का राहतात, याचंही नीट उत्तर त्यात नव्हतं.

वाट गेली कुठे?

१९२४ मध्ये फ्रान्सच्या लुई द ब्रॉयने एक विलक्षण कल्पना मांडली. प्रकाशलहरी जशा कधी कणांसारख्या वागतात, तसे इलेक्ट्रॉनसारखे कण लहरींसारखे वागत असतील. १९२७ मध्ये प्रयोगातून ते दिसलंही. त्यातली गंमत अशी की इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणाऱ्या जे. जे. थॉमसनना १९०६ मध्ये नोबेल मिळालं, आणि इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो हे दाखवणाऱ्यांपैकी एक होता त्यांचाच मुलगा, जी. पी. थॉमसन. त्याला १९३७ मध्ये नोबेल मिळालं. एकाच घरात दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी!

१९२६ मध्ये श्रॉडिंगरने या लहरींचं समीकरण लिहिलं. त्याच वर्षी मॅक्स बोर्नने त्या लहरीचा अर्थ सांगितला. ही पाण्यावरच्या लाटेसारखी वस्तू नव्हे. कुठल्या ठिकाणी लहर किती जोरदार आहे, त्यावरून इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची शक्यता किती, ते कळतं. जोरदार असेल तिथे जास्त, मंद असेल तिथे कमी, शून्य असेल तिथे शून्य.

पुढच्याच वर्षी हायझेनबर्गने वाटेच्या कल्पनेचा पायाच काढून घेतला. वाट म्हणजे काय? प्रत्येक क्षणी वस्तू कुठे आहे आणि कुठे, किती वेगाने चालली आहे, हे ठाऊक असणं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अचूक ठरलेल्याच नसतात. बोरच्या हिशोबाने हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर वेगाने धावतो. आता त्याची जागा अणूच्या त्रिज्येच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी सांगायची ठरवली, तर वेगातली अनिश्चितता कमीत कमी त्या वेगाच्या पाचपट होते! वाट आखणार कशी? दोष आपल्या उपकरणांचा नाही. अणूमध्ये आखण्याजोगी वाटच नाही.

मग जे उरतं, ते ऑर्बिटल. हा शब्द अमेरिकेच्या रॉबर्ट मलिकनने १९३२ मध्ये रूढ केला. ऑर्बिट या शब्दालाच शेपूट जोडून त्याने तो केला, त्यामुळे आपला गोंधळ होतो. पण अर्थ वेगळा आहे. ऑर्बिट ही इलेक्ट्रॉनने चालायची वाट. ऑर्बिटल म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचा आकार. तो कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, ते हा आकार सांगतो. कुठून कुठे गेला, ते सांगत नाही, कारण तसं काही नसतंच.

पंख्याचं उदाहरण सोडा

इथे मी एक कबुली दिली. ऑर्बिटल शिकवताना मी वर्षानुवर्षं पंख्याचं उदाहरण द्यायचे. पंखा जोरात फिरला की पाती दिसत नाहीत, एक धूसर चकती दिसते, तसाच इलेक्ट्रॉनचा ढग. मुलं माना डोलवायची. मलाही बरं वाटायचं.

पण पंख्याचं पातं कोणत्याही क्षणी एका नेमक्या जागी असतं. आपले डोळे कमी पडतात, एवढंच. भरपूर उजेडात झटकन फोटो काढला की ते दिसतंच. ऑर्बिटल ही तशी घाईघाईत पुसट झालेली वाट नाही. नातीच्या प्रश्नाचं मूळ इथेच होतं. तिच्या डोक्यात एक छोटा गोळा फार वेगाने धावत होता. तो धावत असेल, तर मधली शून्याची जागा तो ओलांडतो कशी, हे विचारायलाच हवं!

याहून पक्का पुरावा हवाय? हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत, बोरच्या मते, इलेक्ट्रॉन केंद्रकाला प्रदक्षिणा घालतो. नव्या सिद्धांतानुसार त्या अवस्थेत प्रदक्षिणेचं माप, ज्याला आपण कोनीय संवेग म्हणतो, ते शून्य येतं. म्हणजे तो फिरत नाहीच. फक्त सगळीकडे सारखी पसरलेली, गोल आकाराची लहर असते. तिला एस ऑर्बिटल म्हणतात.

वाटी, फुगा आणि मीठ

"मग नुसतं ऐकून मला कसं पटेल?" नात म्हणाली. बरोबर आहे. आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

एक मोठी वाटी घ्या. फुग्याचं तोंड कापून रबर वाटीवर ताणून बसवा, बाजूने दोरा बांधा. वर चिमूटभर बारीक मीठ पसरा. आता तोंड जवळ नेऊन एक लांब सूर लावा. फुंकर मात्र जाऊ देऊ नका. सूर हळूहळू वर न्या. एखाद्या सुरावर मीठ एकदम नाचायला लागतं आणि ठरावीक रेषांवर जाऊन बसतं. कधी गोल, कधी आडवी रेषा. सूर बदलला की नक्षी बदलते.

मीठ जिथे जाऊन बसतं, तिथे रबर हलत नाही. बाकी सगळीकडे ते थरथरत असतं. आपल्या सी. व्ही. रामन यांनी तबला आणि मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू पसरून अशाच नक्ष्यांचा अभ्यास केला होता. तबल्याला तबल्यासारखा सूर का येतो, ते त्यांनी त्यातून दाखवलं.

मी नातीला म्हटलं, "बघ, मधोमध मिठाची रेषा आहे. डावीकडे रबर थरथरतंय, उजवीकडेही थरथरतंय, रेषेवर शांत. मग ही थरथर डावीकडून उजवीकडे जाते कशी?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती जात नाहीये ना. ती दोन्हीकडे एकदमच आहे. सगळं मिळून एकच कंपन आहे."

"तेच तुझं पी ऑर्बिटल."

दोन फुगे म्हणजे दोन खोल्या नव्हेत, की इलेक्ट्रॉनने एकीतून दुसरीत जावं. दोन्ही मिळून एक लहर आहे. मधली शून्याची जागा ही तिच्यातली शांत रेषा. आपण मोजायला गेलो तर इलेक्ट्रॉन या बाजूला सापडेल किंवा त्या बाजूला. पण मोजण्याआधी तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला 'चालला' होता, असं म्हणायला काहीच आधार नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. मनातलं चित्र चुकीचं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वाटीवर रबर खरोखर हलत असतं. ऑर्बिटलमध्ये असं हलणारं काही द्रव्य नाही, तिथली लहर शक्यतेची आहे. उदाहरण बोट धरून दारापर्यंत नेतं, आत आपल्यालाच जावं लागतं.

आणि ही नुसती कागदावरची गोष्टही नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हायड्रोजनच्या अणूंमधून सुटलेले इलेक्ट्रॉन एका पडद्यावर टिपले. एकेक इलेक्ट्रॉन एकेका ठिपक्यासारखा पडला. असे खूप ठिपके साठल्यावर पडद्यावर उजळ कडी आणि त्यांच्यामध्ये काळी कडी उमटली. ती काळी कडी म्हणजे लहरीतल्या शांत जागा. आमच्या मिठाच्या रेषाच म्हणा ना!

मग रांगोळी खोटी होती का?

आता मूळ आरोपाकडे येऊ. २, ८, १८ हे आकडे आठवीत पाठ करून घेतात. ते खोटे नाहीत. उलट, ते तसे का आहेत हे ऑर्बिटलवरूनच कळतं.

एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या कवचात एकच एस ऑर्बिटल, म्हणून २. दुसऱ्यात एक एस आणि तीन पी, एकूण चार, म्हणून ८. तिसऱ्यात एक एस, तीन पी आणि पाच डी, एकूण नऊ, म्हणून १८. मुगाचे दाणे मी बरोबर मोजले होते. चूक एवढीच की त्यांना गोलावर बसवून पळायला लावलं.

बोरच्या त्रिज्येचंही तसंच. हायड्रोजनमध्ये केंद्रकापासून कोणत्या अंतरावर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, हे नव्या गणिताने काढलं तर नेमकी बोरचीच त्रिज्या येते! फक्त आता तो तिथेच असतो असं नाही. त्या त्रिज्येच्या आत सापडण्याची शक्यता साधारण ३२ टक्के, बाहेर साधारण ६८ टक्के. वाटेची रेषा पुसली गेली, पण ती जिथे होती ती जागा महत्त्वाचीच राहिली.

याचा आपल्याला काय उपयोग?

हा प्रश्न घरातली दुसरी माणसं विचारतात, म्हणून उत्तर देऊन ठेवते. समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघा. पाण्याच्या रेणूत मधे ऑक्सिजन आणि दोन बाजूंना दोन हायड्रोजन असतात. पण ते सरळ रेषेत नसतात, १०४.५ अंशांचा कोन करून वाकलेले असतात. नुसत्या गोल वाटांमधून हा कोन कसा आला, ते सांगता येत नाही. पी ऑर्बिटलना मात्र दिशा असते. एस आणि पी ऑर्बिटल मिसळूनच बंध आणि त्यांच्या दिशा ठरतात.

रेणू वाकलेला आहे, म्हणून त्याची एक बाजू जरा ऋण आणि दुसरी जरा धन असते. म्हणून पाण्यात मीठ विरघळतं आणि म्हणूनच पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. तो सरळ असता, तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना खोडून टाकती. मग नेहमीच्या तापमानाला पाणी द्रव राहिलं नसतं आणि आपला चहासुद्धा झाला नसता.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते असं. ऑर्बिट ही रेषा, ऑर्बिटल हा पसारा. ऑर्बिट सांगतं इलेक्ट्रॉन कुठून जातो. ऑर्बिटल सांगतं तो कुठे सापडू शकतो. ऑर्बिट सपाट आणि गोल. ऑर्बिटलला लांबी, रुंदी, उंची आणि तऱ्हेतऱ्हेचे आकार. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान: इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात.

संध्याकाळी मी नातीला म्हटलं, "मी खोटं नाही शिकवलं गं, पण अर्धवट शिकवलं. आणि हे अर्धं आहे, उरलेलं पुढे कळेल, एवढं सांगायला विसरले." मोठ्यांनी एवढं सांगायला काय हरकत आहे? मूल आठवीत असताना ग्रहांचं चित्र काढून दाखवा, जरूर दाखवा. शेवटी एवढंच म्हणा, की हे पहिलं चित्र आहे. मग अकरावीत दुसरं चित्र समोर आलं की मुलाला स्वतःची अक्कल कमी वाटणार नाही.

कॉमर्सचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण निघण्याच्या दिवशी बॅग भरताना तिने उरलेले फुगे मागून घेतले. "वर्गात दाखवायचेत," म्हणाली.

तुमच्या घरातही मुलांनी विचारलेला आणि हसण्यावारी गेलेला एखादा प्रश्न असेल. तो आठवून ठेवा, जमलं तर मला कळवा. पुढच्या वेळी त्यातलाच एक घेऊन बसू. तोवर वाटीवर मीठ नाचवून बघा, आणि नंतर ओटा पुसायला विसरू नका!